खेळाडू काढला तरी पैसा का सुटत नाही? एनएफएलची कॅप, डेड मनी आणि रिलीजचा हिशोब

डोंगरवाट

दर मार्चमध्ये एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, बातम्यांत एक वाक्य हमखास सापडतं: अमक्याला रिलीज करून संघाने कॅपमध्ये एवढ्या कोटींची जागा केली. अमेरिकेत राहणारे आपले बरेच जण आता हा खेळ आवडीने बघतात, पण करारांचा विषय निघाला की गप्पा तिथेच थांबतात. मी कॉलराडोत राहतो, डेन्व्हर ब्रॉन्कोसचा चाहता आहे. आमच्या संघाने रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला (पास फेकणारा, चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) काढलं, त्या प्रकरणात हा हिशोब आमच्या कानावर इतका आला की एकदा मराठीत नीट मांडावा असं फार दिवस मनात होतं. फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.

कॅप म्हणजे एका वर्षात खेळाडूंवर किती खर्च दाखवता येईल याची कमाल मर्यादा. १९९४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा ३.४६ कोटी डॉलर होती. २०२४ ला २५.५४ कोटी, २०२५ ला २७.९२ कोटी. मर्यादा कडक आहे, बास्केटबॉलच्या एनबीएसारखा जादा कर भरून ती ओलांडता येत नाही. मार्चमध्ये नवं लीग-वर्ष सुरू होतं त्या घटकेला प्रत्येक संघ तिच्या आत असावा लागतो.

आता मुख्य गोष्ट. खेळाडूला दोन प्रकारे पैसा मिळतो. एक बेस सॅलरी, जी त्या त्या हंगामात आठवड्याच्या चेकने मिळते आणि बहुतेक वेळा तिची हमी नसते. दुसरा साइनिंग बोनस, जो सही करताना हातात पडतो आणि संघाने खेळाडूला काढलं तर परत मागता येत नाही. तो बोनस मात्र कॅपच्या वहीत एकदम लिहिला जात नाही. कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, तो समान वाटला जातो.

समजा चार वर्षांचा करार आहे, साइनिंग बोनस २ कोटी डॉलर. म्हणजे दरवर्षी ५० लाख कॅपवर. तिसऱ्या वर्षाची बेस सॅलरी १ कोटी आहे, हमी नाही. त्या वर्षी खेळाडूचा कॅप आकडा झाला दीड कोटी. दोन हंगामांनंतर संघाने त्याला काढलं. बेस सॅलरीचा १ कोटी सुटला. पण तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे मिळून बोनसचे १ कोटी अजून वहीत लिहायचे राहिलेत. काढल्या क्षणी ते दोन्ही तुकडे याच वर्षी अंगावर येतात. यालाच डेड मनी म्हणतात. दीड कोटीचा खेळाडू गेला, १ कोटी मागे राहिला, जागा झाली ५० लाखांची.

हाच खेळाडू पहिल्या हंगामानंतर काढला असता तर? दुसऱ्या वर्षाची बेस सॅलरी २० लाख धरा. ठेवला तर ७० लाख, काढला तर बोनसचे उरलेले दीड कोटी. म्हणजे काढल्यामुळे ८० लाख जास्त लागले. "हा माणूस एवढा वाईट खेळतोय, मग काढत का नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

चिंचपान

धागा उत्तम. माझा घोळ आयपीएलमुळे होत होता. तिथे खेळाडू रिलीज केला की त्याची पूर्ण रक्कम पर्समध्ये परत. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात कोलकात्याने व्यंकटेश अय्यरला २३.७५ कोटी रुपयांना घेतलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये सोडलं, आणि ते २३.७५ कोटी पुढच्या लिलावासाठी मोकळे झाले. मागे काहीच शिल्लक नाही. त्यामुळे इथल्या बातमीतला "डेड" आकडा कुठून येतो ते कळायचंच नाही.

एक विचारते, हा डेड मनी संघाला पुन्हा द्यावा लागतो का? की आधीच दिलेला असतो?

लेखापाल_७२

बोनसचा भाग असेल तर आधीच दिलेला असतो. आमच्या धंद्यात याला घसाऱ्याची रीत म्हणता येईल. कारखान्याने पाच वर्षं चालेल अशी मशिनरी रोखीने घेतली, दरवर्षी पाचवा हिस्सा खर्चात टाकला, आणि तिसऱ्या वर्षी ती भंगारात काढली. पैसे केव्हाच गेलेत, पण पुस्तकात उरलेली किंमत त्याच वर्षी तोट्यात लिहावी लागते. डेड मनी म्हणजे ती उरलेली पुस्तकी किंमत. बाहेर बरेच जण याची गृहकर्जाच्या हप्त्यांशी तुलना करतात, ती मला पटत नाही, कारण कर्जात पैसे द्यायचे बाकी असतात.

हमी दिलेली बेस सॅलरी मात्र वेगळी. ती खेळाडू काढला तरी खरोखर द्यावी लागते आणि कॅपवरही दिसते. डेड मनीच्या एकाच आकड्यात हे दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून तो आकडा फोडून बघायला हवा.

डोंगरवाट

लेखापाल, अगदी बरोबर. विल्सनचा आकडा फोडूनच दाखवतो.

ब्रॉन्कोसनी त्याला २०२२ मध्ये सीॲटलकडून ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) आणलं आणि एकही सामना खेळण्याआधी, सप्टेंबरमध्ये, पाच वर्षांची मुदतवाढ दिली. ५ कोटी साइनिंग बोनस, २०२२ पासून दरवर्षी १ कोटी. मग २०२३ चा २ कोटींचा ऑप्शन बोनस (करारातला पर्याय वापरताना द्यायची रक्कम), तोही पाच वर्षांवर, दरवर्षी ४० लाख. मार्च २०२४ मध्ये काढलं तेव्हा पहिल्याचे ३ कोटी आणि दुसऱ्याचे १.६ कोटी वहीत उरले होते. मिळून ४.६ कोटी. त्यावर २०२४ साठी हमी दिलेले ३.९ कोटी. बेरीज साडेआठ कोटी डॉलर. एका खेळाडूच्या डेड मनीचा तोपर्यंतचा विक्रम. आधीचा विक्रम अटलांटाचा होता, २०२२ मध्ये मॅट रायनला ट्रेड केलं तेव्हाचा, सुमारे ४.०५ कोटी. एकदम दुपटीच्या वर.

हे सगळं एका वर्षात पडलं असतं तर कॅपचा तिसरा हिस्सा नसलेल्या माणसावर गेला असता. म्हणून पोस्ट-जून १ ची तरतूद वापरली. १ जूननंतर काढलेल्या खेळाडूचा फक्त चालू वर्षाचा तुकडा या वर्षी मोजतात आणि पुढच्या वर्षांचे सगळे तुकडे पुढच्या वर्षी. मार्चमध्येच काढून "हा १ जूननंतर काढला असं धरा" असं सांगायची मुभा प्रत्येक संघाला वर्षाला दोन खेळाडूंपुरती असते. त्यामुळे २०२४ ला ५.३ कोटी (३.९ + १ + ०.४) आणि २०२५ ला ३.२ कोटी.

आता हे बघा. विल्सनला ठेवलं असतं तर २०२४ चा त्याचा कॅप आकडा ३.५४ कोटी होता. म्हणजे काढल्यामुळे त्या वर्षी कॅपवर पावणेदोन कोटी जास्तच लागले. तरी काढला, कारण लीग-वर्षाच्या पाचव्या दिवशी त्याच्या २०२५ च्या ३.७ कोटी सॅलरीची हमी लागू होणार होती. तो दिवस उलटला असता तर बाहेर पडायची वाट आणखी महाग झाली असती.

पाऊलखुणा

इथेच मला दरवेळी राग येतो. विल्सन शेवटचे दोन सामने बाकावर बसला तो खेळ वाईट होता म्हणून नव्हे. २०२३ च्या हंगामात २६ टचडाउन पास आणि ८ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास), हे काही हाकलून देण्यासारखे आकडे नाहीत. २०२५ च्या त्या ३.७ कोटींना दुखापतीची हमी होती. शेवटच्या सामन्यात गुडघा गेला असता आणि मार्चपर्यंत तो तंदुरुस्ती तपासणीत उतरला नसता, तर ती रक्कम संघाच्या गळ्यात पडली असती. करारातली तारीख पुढे ढकलायला संघाने आपल्याला सांगितलं होतं, हे विल्सननेच नंतर जाहीरपणे सांगितलं.

२०२२ मध्ये लास व्हेगस रेडर्सनी त्यांचा क्वार्टरबॅक डेरेक कार याला नेमकं हेच केलं. तेही शेवटचे दोन सामने. आणि दोन्ही वेळा त्याच्या जागी आलेला क्वार्टरबॅक एकच, जॅरेट स्टिडम!

डोंगरवाट

पाऊलखुणा, राग रास्त आहे. पण कारचं उदाहरण आलंच आहे तर करारातला फरक बघण्यासारखा आहे. रेडर्सनी एप्रिल २०२२ मध्ये कारला तीन वर्षांची १२.१५ कोटींची मुदतवाढ दिली, मथळे मोठमोठे झाले. पण हमी अशी रचली होती की सुपर बोल या अंतिम सामन्यानंतर तीन दिवसांनी, १५ फेब्रुवारी २०२३ ला, ४.०४ कोटींची खरी हमी लागू व्हावी. कारकडे ट्रेड नाकारायचा हक्क होता, तो त्याने वापरला. संघाने १४ फेब्रुवारीला त्याला रिलीज केलं. डेड मनी किती? सुमारे ५६ लाख. सुटलेली जागा २.९ कोटींच्या वर. कारण साइनिंग बोनस छोटा ठेवला होता.

दोन क्वार्टरबॅक, एकाच गटातले दोन प्रतिस्पर्धी संघ, वर्षभराच्या अंतराने रिलीज. एकाला ५६ लाख, दुसऱ्याला साडेआठ कोटी. रिलीजच्या दिवशी संघाच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. किंमत सहीच्या दिवशी ठरलेली असते. मला या धाग्यातून हेच सांगायचंय.

मांडवीकाठ

गोव्याहून वाचतोय, आमचा फुटबॉल गोल चेंडूचा. तिथे फिफाच्या नियमात योग्य कारणाशिवाय करार तोडला तर क्लबला भरपाई द्यावी लागते. खेळाडू नकोसा झाला तर विका, उसना द्या, नाहीतर बसून बोलणी करून करार संपवा. इथे क्लब उठतो, काढून टाकतो आणि उरलेला पगार बुडतो हे वाचून धक्का बसला. खेळाडूंची संघटना हे मान्य कसं करते?

पाऊलखुणा

मांडवीकाठ, संघटना आणि मालक यांच्या सामूहिक करारातच हे सगळं आहे. संघटनेने बदल्यात काही गोष्टी मिळवल्या आहेत. चार मान्य हंगाम पूर्ण झालेला खेळाडू हंगामाच्या पहिल्या सामन्याला संघात असेल तर पुढे काढला तरी त्या वर्षाची उरलेली बेस सॅलरी मागू शकतो, मात्र कारकिर्दीत एकदाच. त्यामुळे बरेच अनुभवी खेळाडू पहिल्या सामन्याआधी कापले जातात आणि पहिला आठवडा उलटल्यावर परत घेतले जातात. नियमाचा फायदा ज्याला मिळायचा त्याच्याच दारात तो अडतो.

साइनिंग बोनसला एवढं महत्त्व आलं तेही यामुळेच. उद्याची खात्री नाही म्हटल्यावर एजंट आज हातात काय पडतं ते बघणार. आणि ऑगस्टच्या शेवटी ९० वरून ५३ वर यादी आणताना जी पोरं घरी जातात त्यांच्या नावावर डेड मनी जवळजवळ शून्य असतो. म्हणून तर त्यांना काढणं सोपं. कॅपच्या चर्चेत विल्सन, कार, रॉजर्स यांची नावं येतात. ज्यांच्या जाण्याने कुणाच्याही कॅपला ओरखडा उठत नाही त्यांची येत नाहीत, आणि संख्येने तेच जास्त आहेत.

हडसनकाठचा

मी न्यूयॉर्क जेट्सवाला, न्यू जर्सीत राहतो. आमचा तेव्हाचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स याचा उल्लेख आलाच म्हणून लिहितो. २०२५ मध्ये त्याला पोस्ट-जून १ म्हणूनच सोडलं, ४.९ कोटी डेड मनी, त्यातले १.४ कोटी २०२५ ला आणि ३.५ कोटी २०२६ ला. बोनस पुढे ढकललेले, त्यामुळे मोठा वाटा दुसऱ्या वर्षी. विल्सनच्या उलटा आकार.

माझा प्रश्न वेगळा आहे. मार्चमध्ये पोस्ट-जून १ म्हणून खेळाडू सोडला की सगळे म्हणतात आता नवे खेळाडू घ्यायला पैसा आला. तो तेव्हाच वापरता येतो का?

डोंगरवाट

नाही, आणि हा मुद्दा बातम्यांतून हटकून गळतो. अशा खेळाडूचा पूर्ण जुना कॅप आकडा २ जूनपर्यंत संघाच्या वहीत राहतो. खेळाडू मार्चमध्येच मोकळा होऊन दुसरीकडे सही करू शकतो, पण संघाला जागा जूनमध्ये मिळते. तोवर फ्री एजन्सीतले (करार संपून मोकळे झालेले) मोठे खेळाडू संपलेले असतात. मग ती जागा ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) पोरांच्या करारांना, हंगामातल्या दुखापतींच्या बदल्यांना जाते, किंवा न वापरता पुढच्या वर्षी नेता येते. न वापरलेली कॅप पुढे नेता येणं ही या पद्धतीतली फार उपयोगी सोय आहे.

दुसरी छोटी गोष्ट. मार्च ते हंगाम सुरू होईपर्यंत कॅपमध्ये सगळ्यात महाग ५१ खेळाडूच मोजतात. एक काढला की ५२ वा आत येतो. त्यामुळे वरच्या माझ्या उदाहरणातल्या ५० लाखांतून किमान पगाराच्या एका खेळाडूचे आठ लाख वजा करा. हाती येतात ४२.

निळीसावली

इतकं सगळं ठीक, पण न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे बघा. दरवर्षी कॅपच्या कितीतरी वर असतात आणि मार्चमध्ये बरोबर आत येतात. माझ्या मते कॅप हा नुसता बागुलबुवा आहे, हुशार माणूस बसवला की ती कुठेच आडवी येत नाही.

लेखापाल_७२

निळीसावली, ते कसं करतात ते पाहा. खेळाडूची या वर्षीची बेस सॅलरी बोनसमध्ये बदलायची आणि पाच वर्षांवर पसरायची. करारात तेवढी वर्षं उरली नसतील तर शेवटी नावापुरती रिकामी वर्षं जोडायची, ज्यांना व्हॉइड इयर्स म्हणतात. खेळाडू त्या वर्षांत खेळणारच नसतो, ती फक्त आकडा पसरायला. करार संपला की उरलेलं सगळं एकदम कॅपवर. टॉम ब्रेडी फेब्रुवारी २०२३ मध्ये निवृत्त झाला आणि त्या हंगामात टँपा बेच्या कॅपवर त्याचे सुमारे ३.५१ कोटी होते. त्याला कुणी काढलं नव्हतं, तरी डेड मनी आलाच.

आणि कॅप दरवर्षी वाढेल हे गृहीत धरून हा डाव चालतो. २०२१ मध्ये कोविडमुळे ती १९.८२ कोटींवरून १८.२५ कोटींवर उतरली. त्याच वर्षी सेंट्सचा ड्रू ब्रीस निवृत्त झाला. त्याचा पगार किमानपर्यंत खाली आणून कागदोपत्री त्याला जूनपर्यंत धरून ठेवावं लागलं, म्हणजे डेड मनी दोन वर्षांत विभागला जाईल.

हडसनकाठचा

निळीसावलीचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही असं मला वाटतं. फिलाडेल्फिया ईगल्सही बोनस आणि व्हॉइड इयर्स भरपूर वापरतात. कार्सन वेंट्झला ट्रेड केल्यावर २०२१ मध्ये त्यांच्या कॅपवर ३.३८ कोटी डेड मनी होता, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी चीफ्सला ४०-२२ हरवून सुपर बोल जिंकला. पैसा पुढे ढकलणं हे पाप नव्हे. प्रश्न हा की पुढे ढकललेल्या पैशाच्या बदल्यात मैदानावर खेळणारा चांगला माणूस आहे का. ईगल्सनी ड्राफ्टमध्ये तरुण पोरं सतत बरोबर निवडली, म्हणून ते ओझं त्यांना पेललं.

डोंगरवाट

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्याकडेही तेच घडलं. २०२४ ला ५.३ कोटी डेड मनी विल्सनचा, लोकांनी आमचा हंगाम आधीच मोडीत काढला होता. ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर बो निक्स मिळाला, चार वर्षांचा करार एकूण सुमारे १.८६ कोटींचा. या क्वार्टरबॅकवर कॅपचा खर्च वर्षाला सरासरी अर्धा कोटीही नाही. १० विजय, ७ पराभव, प्लेऑफ. निक्स मोठ्या पगाराचा असता तर ते जमलं नसतं. डेड मनी पचवायचा तर स्वस्त क्वार्टरबॅकच्या वर्षांत पचवावा.

चिंचपान

ट्रेडचा उल्लेख सगळेच करताय. रिलीज आणि ट्रेड यात डेड मनीचा फरक पडतो का?

पाऊलखुणा

बोनसच्या बाबतीत नाही. वाटून ठेवलेला बोनस ज्याने दिला त्याच्याच वहीत राहतो, पुढची सॅलरी नव्या संघाकडे जाते. म्हणून २०२२ मध्ये विल्सन गेल्यावर सीॲटलच्या कॅपवरही २.६ कोटी राहिले होते. फरक हमीच्या पगारात पडतो. रिलीज केलं तर तो तुमच्याकडे, ट्रेड केलं तर घेणाऱ्याकडे.

याचं मला सर्वांत आवडलेलं उदाहरण क्वार्टरबॅक ब्रॉक ऑस्वायलर. ह्यूस्टनने २०१६ मध्ये त्याला चार वर्षांचा ७.२ कोटींचा करार दिला, एका हंगामात पस्तावले. २०१७ च्या १.६ कोटी पगाराची हमी होती, त्यामुळे काढून उपयोग नव्हता. तेव्हा क्लीव्हलंडकडे कॅपची जागा भरपूर होती. ह्यूस्टनने त्यांना ऑस्वायलर दिला आणि सोबत २०१८ च्या ड्राफ्टमधली आपली दुसऱ्या फेरीची निवड दिली, केवळ तो पगार उचलावा म्हणून. ह्यूस्टनकडे बोनसचे ९० लाख राहिले. क्लीव्हलंडने सप्टेंबरमध्ये ऑस्वायलरला काढलं आणि त्या निवडीतून पुढे घेतला निक चब.

डोंगरवाट

आणि ऑस्वायलर परत आला आमच्याकडे, डेन्व्हरला, किमान पगारावर! बाकीचा पगार क्लीव्हलंड भरत होतं. विल्सनने नंतर हेच पिट्सबर्गला केलं. १२.१ लाखांवर सही केली, ३.९ कोटींतले उरलेले ३.७७९ कोटी ब्रॉन्कोसनी भरले. करारात ऑफसेटचं कलम होतं, म्हणजे नव्या संघाने दिलेला पगार जुन्याच्या हमीतून वजा होतो. मग नव्या संघाकडून जास्त मागून खेळाडूला काहीच फायदा नाही, वाचतात ते जुन्या संघाचे पैसे.

निळीसावली

हे कळलं. मग पुढच्या मार्चमध्ये माझ्या संघाची "इतके वाचवले" अशी बातमी आली तर नेमकं काय बघू?

लेखापाल_७२

तो आकडा १ जूनच्या आधीचा की नंतरचा, ते पहिलं. बातमीत बहुतेक वेळा मोठा दिसणारा म्हणून नंतरचाच छापतात. मग पुढच्या वर्षीच्या रकान्यात त्या खेळाडूच्या नावापुढे काय उरलंय ते बघा. आणि करारात मार्चमध्ये कुठल्या दिवशी काय हमी लागू होते ती तारीख शोधा. संघ बहुतेक वेळा त्या तारखेच्या आधीच हालचाल करतो.